थांबणं विसरलेल्या मालिका

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा वाहिनी एकच आणि कार्यक्रम संध्याकाळपुरते. त्या काळाच्या आठवणीने येणारे उमाळे निम्मे तरी आवरायला हवेत. बातम्या सरकारी होत्या, नेपथ्य तकलादू असे आणि दुसरं काहीच नसल्यामुळे ‘आमची माती आमची माणसं’ चाळीतल्या बिऱ्हाडांतही बघितलं जाई. पण ‘गजरा’मधल्या प्रहसनांना आणि ‘चिमणराव’ला कुठे थांबायचं ते नेमकं कळत होतं. चि. वि. जोशींची गोष्ट मांडली, हसवलं, संपवली. चिमणराव-गुंड्याभाऊ लक्षात राहिले ते दिलीप प्रभावळकर-बाळ कर्वे यांच्या अभिनयामुळे, आणि तितकेच या आटोपशीरपणामुळे.

१९९९मध्ये अल्फा टीव्ही मराठी आली. सुरुवातीची वर्षं खरोखर बहराची होती. ‘आभाळमाया’, ‘प्रपंच’, मग ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. यांतल्या माणसांना व्यवसाय होता, स्वभाव होता, त्यांची भाषा घरातली होती. त्याच सुमारास, २००१मध्ये, ईटीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली. ती संपली २०१३मध्ये, तीन हजारांहून जास्त भागांनंतर. नाव मात्र चार दिवसांचं!

या लांबणीचा दोष लेखकांच्या माथी मारणं सोपं आहे. खरी मेख जाहिरातीच्या गणितात आहे. रात्री आठची वेळ एकदा चालली की ती विकली जाते. चालती मालिका बंद करायची म्हणजे हातचं गिऱ्हाईक सोडायचं. काही हजार घरांतल्या मीटरवरून आठवड्याचा टीआरपी येतो आणि कथेचा ट्रॅक वळतो. तयार भागांची बँक रिकामी, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. मग एक वाढदिवस तीन दिवस चालतो आणि सगळंच अडलं की लीप, म्हणजे कथेत थेट काही वर्षांची उडी.

‘आई कुठे काय करते’चं उदाहरण मला सर्वांत बोचतं. नवऱ्याची फसवणूक कळल्यावर घटस्फोट घेणारी मध्यमवयीन गृहिणी अरुंधती रोज संध्याकाळी घराघरांत पोहोचली, हे मूळ बंगाली ‘श्रीमयी’वर बेतलेलं असलं तरी मोठं काम होतं. तिला जे म्हणायचं होतं ते तिने म्हटलं. मालिका मात्र पुढे चालतच राहिली, २०२४पर्यंत. आणि तिच्या निर्णयाची धार संकटांच्या रतिबात बोथट झाली.

तरुण प्रेक्षक मराठीला कंटाळून गेला, हे मला पटत नाही. ‘भाडिपा’च्या छोट्या गोष्टी तो यूट्यूबवर बघतो, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ही तिथेच, तुकड्यातुकड्यांत. म्हणजे आटोपशीरपणा परतला आहे, पण दहा मिनिटांच्या विनोदापुरता. आठ-दहा भागांत संपणारी, नीट लिहिलेली कौटुंबिक गोष्ट कोणाच्या पैशाने करायची? ओटीटीवर मराठीच्या वाट्याला हिंदीचं उष्टं उरतं, आणि वाहिनीला आठ भागांत संपणारी गोष्ट विकत घेणारा जाहिरातदार मिळत नाही.