नानांचं थिएटर आपण विसरलो

१० फेब्रुवारी आली की बदलापूरच्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाना शंकरशेट येतात. पगडी, उपरणं, खाली ठळक अक्षरांत 'भारतीय रेल्वेचे जनक'. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकून मी तो फॉरवर्ड वाचतो. नाना आपल्याच बाजूचे. जन्म १८०३ चा, मुरबाडचा. त्या मुरबाडला अजून ट्रेन जात नाही, ते असो.

'जनक' म्हटल्याने माणूस मोठा होत नाही, सपाट होतो. जीआयपी रेल्वेचं भांडवल मुख्यतः इंग्लंडमधल्या भागधारकांचं होतं आणि त्यावर ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. नानांनी १८४५ पासून या कामामागे आपलं वजन उभं केलं, हे खरंच. पण ते वजन आलं कुठून? अरब आणि अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकेऐवजी नानांकडे ठेवत, असं सांगतात. मी वाचलेली गौरवचरित्रं ही गोष्ट एका ओळीत उरकून लगेच समित्यांच्या यादीकडे वळतात. मला त्या ओळीपाशीच थांबावंसं वाटतं. परक्याने डोळे मिटून पैसा ठेवावा, ही पत हीच नानांची खरी कमाई होती.

ती पत सगळ्यात सुंदर कुठे खर्च झाली, तर ग्रँट रोडवर. फोर्टातलं जुनं बॉम्बे थिएटर १८३५ मध्ये कर्जापायी विकलं गेलं होतं. नव्यासाठी नानांनी ग्रँट रोडवरची जागा दिली, आणि १८४६ मध्ये ते उघडलं. हे थिएटर मराठी रंगभूमीसाठी बांधलं, असं कुणी लिहिलं तर ते चूक आहे. डोळ्यांसमोर होता इंग्रज प्रेक्षक. पण ग्रँट रोड तेव्हा गावाबाहेर. साहेबलोकांना तिथवर जायचा कंटाळा.

इकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांना आश्रय देणारे राजे चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये वारले. आश्रय गेला, मंडळी गावोगाव तिकीट लावून खेळ करू लागली. १८५३ मध्ये ती मुंबईत आली आणि याच थिएटरात तिचे प्रयोग झाले. पारशी नाटकवाल्यांनीही त्याच वर्षी इथे सुरुवात केली. राजाच्या मर्जीवरून नाटक तिकीट काढणाऱ्या माणसाकडे येत होतं, तेव्हा त्याला मोक्याची जागा तयार मिळाली. नानांनी हे ठरवून केलं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते रेल्वेपेक्षा मोठं वाटतं. आत काय चालावं, हे देणाऱ्याच्या हातात राहिलं नाही.

नानांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिल्या आलेल्या चिंतामणराव देशमुखांना मिळाली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांनी मेघदूत मराठीत आणलं. हेही कुणी आखलं नव्हतं.

उल्हासनगर ते बदलापूर टॉवर उठतायत, प्रत्येकात क्लबहाउस आहे. महोत्सवही होतात, बॅनरवर कलाकारापेक्षा देणाऱ्याचा फोटो मोठा. आमच्या एकांकिकेची तालीम मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालते, दहाच्या आत, आवाज खाली ठेवून. कमिटीने विचारलं, यात आमचं नाव कुठे येणार? मी म्हटलं, कुठेच नाही. पुढच्या आठवड्यापासून पार्किंगही बंद.