पट्टीसमोरची रिकामी चौकट

यामाहाच्या पीएसआर-एस970 या अरेंजर कीबोर्डवर 1 ते 8 आकड्यांची बटणं ओळीने बसवलेली आहेत. एकेका बटणात टोन, रिदमची स्टाइल, टेम्पो, कुठला टोन किती मोठा, कुठल्यावर किती रिव्हर्ब असं सगळं साठवून ठेवता येतं. आठ बटणांची मिळून एक बँक. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांच्या पेन ड्राइव्हवर अशा बँकांचा ढीग असतो, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याचशा वाचण्यासारख्या नसतात. आठही बटणं गच्च, प्रत्येकावर नवा चमचमता टोन.

माझ्या एका जोडीदाराने ‘है अपना दिल तो आवारा’साठी लावलेली बँक मात्र मी बटण बटण करून वाचली. गाणं 1958च्या ‘सोलवाँ साल’मधलं. संगीत सचिनदेव बर्मन यांचं, आवाज हेमंतकुमारांचा, आणि त्यातला माउथ ऑर्गन वाजवला तरुण राहुलदेव बर्मन यांनी. लोक खुर्चीत सरसावतात ते त्या माउथ ऑर्गनवर. तेव्हा कीबोर्डवाल्याची परीक्षा कुठे आहे ते उघड आहे.

बँक उघडली तेव्हा पहिलं नजरेत भरलं ते हे, की तीन बटणांचे दिवे बंदच. पाचच भरलेली.

पहिल्यावर नुसती हार्मोनिका, साथ पूर्ण बंद, रिव्हर्ब सढळ. तिसऱ्यावर पुन्हा तीच हार्मोनिका. आधी वाटलं, हा आळस. मग दोन्ही आलटून पालटून दाबली. तिसऱ्यावर खाली बेस आणि ड्रम चालू आहेत, म्हणून वरचा रिव्हर्ब जवळजवळ निम्म्यावर आणलाय आणि टोन एक कणभर पुढे ओढलाय. पहिली हार्मोनिका दुरून ऐकू येते, तिसरी शेजारच्या बाकावरून. पडद्यावर हे गाणं लोकलच्या डब्यात आहे, हे याला ठाऊक असणारच.

पण माझं मन बसलं ते दुसऱ्या बटणावर. ते मुखड्याचं. डाव्या हाताच्या कॉर्डवर स्टाइलची सगळ्यात साधी चाल, आणि उजव्या हाताला गिटारचा टोन, इतका बारीक ठेवलेला की जोरात दाबूनही गायकाच्या वर जाणार नाही. गायक गात असताना आपण काय करायचं, तर गप्प राहायचं. ते गप्प राहणं त्याने आकडा देऊन साठवून ठेवलंय. चौथ्यावर, अंतऱ्याला, मात्र त्याचा तोल सुटलाय. व्हायोलिनचा ताफा उगाच गोड आहे. पाचवं शेवटासाठी, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

बटणांचा क्रमही बँकेतच लावून ठेवलेला आहे. पाय पेडलवर, प्रत्येक दाबाला पुढचं बटण, हात पट्ट्यांवरून उचलायला नको.

आणि एक गोष्ट दिसत नाही, शोधावी लागते. बटणात काही साठवताना कीबोर्ड विचारतो, काय काय ठेवायचं? टोन, स्टाइल, टेम्पो यांच्यासमोर खुणा करायच्या. याने ट्रान्सपोजसमोरची खूण पाचही बटणांवर काढून टाकली आहे. म्हणजे गाण्याचं सगळं ठरलेलं, पट्टी तेवढी मोकळी. ती गायकाची. घसा बसला असेल तर तो काळी दोन ऐवजी काळी एक मागेल, आणि कीबोर्डने ती निमूट द्यावी.

याची किंमत मला कळते, कारण मी ती भरलेली आहे. एका कार्यक्रमात गायकाने ऐनवेळी पट्टी उतरवायला सांगितली. पहिलं बटण लावून मी ट्रान्सपोज दोन घरं खाली घेतलं, सुरुवातीचा पीस झकास झाला, आणि मुखड्याला दुसरं बटण दाबताच कीबोर्डने घरी साठवलेली काळी दोन इमानाने परत आणली. गायक एकीकडे, आम्ही दुसरीकडे. त्याने माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही.

जोडीदाराने ती बँक मला कॉपी करून दिली. चौथ्या बटणावरची व्हायोलिनं मी खाली आणली. बाकी जशीच्या तशी ठेवली आहे.