पुनर्निर्मितीचा अवधी आणि न संपलेला संप

दूरचित्रवाणीवरील ‘जिवंत इतिहास’ या प्रकाराचा एक ठळक नमुना म्हणजे बीबीसी वेल्सची २००७ मधील ‘कोल हाऊस’ ही मालिका. आजच्या तीन कुटुंबांना ब्लाएनाव्हन येथील जुन्या कामगारघरांत ठेवून १९२७ मधील कोळसा-कामगारांचे जीवन जगायला लावणे, हे तिचे सूत्र. निवडलेले वर्ष सूचक आहे : १९२६ च्या टाळेबंदीत खाणकामगारांचा पराभव नुकताच झालेला होता. घर चालवण्यासाठी शरीराला किती झिजावे लागे, याचे भान ही पद्धती निश्चितच देते. तथापि, प्रयोगाचा शेवटचा दिवस सहभागी कुटुंबांना आधीच ठाऊक असतो. कष्ट खरे असले, तरी त्यातून सुटण्याची तारीखही तितकीच खरी असते.

गिरणगावाच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. संप संपला नाही. गिरण्या संपत गेल्या. ज्या अनुभवाला अखेरचा दिवसच नाही, त्याची पुनर्निर्मिती कशी करायची?

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाचे महत्त्व येथे जाणवते. चाळीतील एका खोलीत आई आणि तिची चार मुले आहेत. वास्तववादी नेपथ्याला अनुकूल अशी ही रचना सहज स्मरणरंजनाकडे झुकू शकली असती. पवार मात्र वस्तूंपेक्षा प्रतीक्षेला संहितेच्या केंद्रस्थानी आणतात. साहित्यात रमलेला बाबा, क्रिकेटमध्ये गुंतलेला मोहन आणि टोळीकडे वळलेला नरू यांच्यापुढे काळ आहे, पण दिशा नाही. शीर्षक केवळ कुटुंबाचे वर्णन करीत नाही. ते नाटकाच्या काळरचनेलाच नाव देते.

याच नाटकावर आधारलेल्या महेश मांजरेकर यांच्या ‘लालबाग परळ’ (२०१०) या चित्रपटाला तो काळ खोलीबाहेर, रस्त्यावर नेता येतो. त्याने अनुभवाचा सामाजिक विस्तार वाढतो, हे मान्य करावे लागेल. परंतु हिंसा जसजशी कथानकाचा कणा होते, तसतशी ताटकळण्याची जागा घटना घेतात. प्रेक्षकाला भूतकाळ दिसतो. त्यातील अनिश्चितता मात्र उणावते.

म्हणून पुनर्निर्मितीची कसोटी वस्तूंच्या अस्सलपणात शोधणे अपुरे ठरते. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला आणि तिथे गिरणीची चिमणीही राखली गेली. चिमणी अस्सल आहे. तिच्या भोंग्याशी बांधलेले जगणे तिथे नाही. उद्या काय होणार हे ठाऊक नसलेल्या माणसांचा ‘आज’ जी कलाकृती जपते, तीच इतिहासाला खऱ्या अर्थाने जिवंत ठेवते. ‘अधांतर’ ते करते, आणि त्यासाठी तिला एक खोली पुरते.