'गिव्ह अप' आणि 'सोडून देणे' : एका समीकरणाची चिकित्सा

इंग्रजीतील 'गिव्ह अप' या क्रियापदासमोर 'सोडून देणे' हा प्रतिशब्द लिहिला की अध्यापक व विद्यार्थी दोघेही निश्चिंत होतात. हा प्रतिशब्द चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि त्याचा अपुरेपणा भाषांतर करताना पदोपदी जाणवतो.

क्रियापदास अव्यय जोडून नवा अर्थ साधण्याची ही रीत परभाषिकांना फार जड जाते, हे डॉ. जॉन्सन यांनी आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत १७५५ मध्येच नमूद केले होते. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा मात्र पुढे लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ च्या ग्रंथातून प्रचारात आली. मराठीत या रचनेचे साम्य संयुक्त क्रियापदांत शोधले जाते. मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) त्यांची चर्चा आहेच.

प्रस्तुत उदाहरणात हे साम्य विशेष मोहक वाटते, कारण दोन्हीकडे 'देणे' आहे. पण त्याचे कार्य भिन्न आहे. इंग्रजीत 'देणे' हा मुख्य धातू असून 'अप' त्यास पूर्णत्व आणते. मराठीत मुख्य अर्थ 'सोड' या धातूचा आहे. 'देणे' येथे साहाय्यक होऊन क्रियेचा ओघ कर्त्यापासून दूर वळवते. 'लिहून देणे' व 'लिहून घेणे' यांतील भेद पाहिला म्हणजे हे स्पष्ट होते.

म्हणूनच एका 'गिव्ह अप'साठी मराठीस अनेक वाटा धराव्या लागतात. व्यसन 'सोडले' जाते. बसमधील जागा दुसऱ्यास 'दिली' जाते. फरारी मनुष्य पोलिसांच्या 'स्वाधीन होतो'. कोडे न सुटल्यास 'हात टेकले' जातात. आणि निष्फळ खटाटोपाचा 'नाद सोडला' जातो. या सर्वांतील समान सूत्र 'सोडणे' हे नसून, जे आपल्या हाती आहे त्यावरील हक्क वा प्रयत्न कर्त्याने स्वतः संपविणे हे होय. कोल्हापूरच्या विद्यार्थ्यास हे खासबागेच्या मैदानावरून सहज समजेल. जो मल्ल अखेरपर्यंत झुंजून चीतपट होतो तो हरतो. त्याने 'गिव्ह अप' केले असे म्हणता येत नाही. 'हरणे' हा प्रतिशब्द येथे त्याज्य ठरतो.

नकारात भेद अधिक उघड होतो. 'धीर सोडू नकोस' हे मराठीस स्वाभाविक. 'धीर सोडून देऊ नकोस' हे कानास खटकते. मराठी नकारात साहाय्यक क्रियापद बहुधा गाळते. इंग्रजीत 'अप' गाळले तर अर्थच पालटतो. रचनेचेही दोन नियम ध्यानी ठेवावे लागतात. सर्वनाम कर्म असल्यास ते मध्ये येते: 'गिव्ह इट अप'. क्रियावाचक कर्म असल्यास 'गिव्ह अप स्मोकिंग' हे शुद्ध. 'गिव्ह अप टु स्मोक' हे अशुद्ध.

मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या इंग्रजी-मराठी कोशापासून (१८४७) द्वैभाषिक कोशांनी अभ्यासकांवर मोठे उपकार केले आहेत. परंतु कोशातील प्रतिशब्द हा अर्थाचा प्रारंभ असतो, शेवट नव्हे. अशा क्रियापदांच्या अध्यापनात शब्दास शब्द न देता कर्ता, कर्म आणि नकार यांसह संपूर्ण वाक्ये समोर ठेवली, तरच विद्यार्थ्यास दोन्ही भाषांचे स्वभाव उमगतील.