राजा गोसावी आणि फाल्गुनरावाचे तर्कशास्त्र

विनोदी नटाचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षा बहुधा एखाद्या उपमेवर भागवते. राजा गोसावी (१९२५–१९९८) यांना ‘मराठीतील डॅनी के’ म्हटले गेले, आणि त्यांच्या अभिनयाविषयीचा विचार जणू तेथेच थांबला. उपमा गौरवाची असली तरी यथार्थ नाही. डॅनी के या अमेरिकन नटाचा विनोद जिभेच्या कसरतीवर, अतिवेगाने म्हटलेल्या शब्दमालिकांवर आणि नकलांवर उभा होता. प्रेक्षक त्याच्या कौशल्यास दाद देत. गोसावींचा प्रेक्षक कौशल्य विसरतो आणि समोरच्या भाबड्या माणसाला हसतो. हे दोन विनोद एका जातीचे नव्हेत.

गोसावींचा जन्म सातारा जिल्ह्यातील सिद्धेश्वर कुरोलीचा. मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत हरकाम्या म्हणून त्यांनी उमेदवारी केली. नाटकाचे वळण दामूअण्णा मालवणकरांच्या सहवासात लागले. ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) पुण्यात झळकला तेव्हा त्याचा हा नायक चित्रपटगृहाच्या खिडकीत बसून तिकिटे विकीत होता, असे सांगतात. या आख्यायिकेचे कौतुक पुष्कळ झाले आहे. तिच्यातील अर्थ एवढाच की, पडद्यावरचा गरीब, आर्जवी, पापभीरू तरुण त्यांना दुरून पाहून रंगवावा लागला नाही.

त्या चित्रपटाचे लेखक ग. दि. माडगूळकर शेटफळ्याचे. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून निर्माण झालेल्या या जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. खटाव आणि आटपाडी या शेजारच्या मुलुखांतील लेखक-नटांनी गावरान बोलीचा हुकमी हशा सहज मिळवला असता. त्यांनी तो टाळला. चित्रपटाची भाषा शहरी, घरगुती आहे; लाख रुपये महिन्यात खर्चण्याची अट पडलेल्या माणसाची धांदल तेवढी विनोदाला पुरते. पुढील अनेक चित्रपटांनी मात्र गोसावींकडून हाच भाबडेपणा पुनःपुन्हा वसूल केला आणि तो बराच झिजवला.

त्यांची खरी कसोटी रंगभूमीवर, ‘संशयकल्लोळ’मध्ये लागली. हे नाटक सांगलीलगतच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे. मोल्येरचे कथानक आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकाच्या वाटेने देवलांकडे आले. त्याचे गद्य रूप आधीचे, संगीत रूप १९१६ चे. देवलांनी पुरुषपात्रांना महिन्यांची आणि स्त्रीपात्रांना नक्षत्रांची नावे देऊन ते असे मराठी केले की परकेपणाचा मागमूस उरला नाही. रेवतीजवळची तसबीर कृत्तिकेच्या हाती पडते आणि फाल्गुनराव तिच्यावरून अनुमानांचा डोलारा रचू लागतो. त्याचे भाषण भाषिक दृष्ट्या पाहण्यासारखे आहे. तो शिवीगाळीपेक्षा निष्कर्ष अधिक काढतो. ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’ हा त्याच्या विचाराचा सांगाडा असून त्यातील प्रत्येक पायरी निर्दोष व पहिले गृहीतक तेवढे खोटे असते. नटाने डोळा मिचकावून प्रेक्षकाला ‘पाहा कसा मूर्ख आहे’ असे सुचविले की सांगाडा कोसळतो आणि उरतो केवळ म्हाताऱ्या नवऱ्याचा आचरटपणा.

गणपतराव बोडसांनी गंधर्व नाटक मंडळीत हा फाल्गुनराव प्रथम गाजवला. त्यानंतरच्या नटांपुढे त्यांच्या छायेत उभे राहण्याचे संकट होतेच. गोसावींनी ते भाबडेपणाच्याच बळावर निभावले. त्यांचा फाल्गुनराव आपल्या निष्कर्षांवर मनापासून विश्वास ठेवतो. पुरावा सापडल्याचे त्याला समाधान होते, आणि त्याच पुराव्याने आपला संसार बुडाला हे क्षणभर उशिरा उमगते. विनोद त्या क्षणभराच्या अंतरात आहे. ते अंतर संहितेत छापलेले नाही. विरामाने आणि स्वराच्या उतारानेच ते निर्माण होते. म्हणून नुसती संहिता वाचून या नटाचे मोल कळणार नाही, आणि चित्रपटांवरून ते ठरवणे तर अन्यायाचे होईल.

याच नाटकात आश्विनशेठ व भादव्या याही भूमिका गोसावींनी वेगवेगळ्या वेळी केल्या. संशय घेणारा, ज्याच्यावर संशय घेतला जातो तो, आणि दोघांचे बोलणे ऐकणारा नोकर. या तिघांची मराठी एक नव्हे: मालकाची हुकमी, शेठची लाघवी, नोकराची सावध. विनोदी नटाला ‘एकाच साच्याचा’ ठरविणाऱ्यांनी या तीन वाणींचा हिशेब अद्याप दिलेला नाही.