परिषद कुणाशी बोलते?

सामाजिक शास्त्रांच्या परिषदा सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांत कशा उतरतात, हा आजचा विषय. हातखंब्यात हा विषय कशाला, असं कुणी विचारील. मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता जिथे मिळतो त्या तिठ्यावर धोरण म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ते इथल्या माणसांच्या दारातून गेलंय.

मराठी अर्थशास्त्र परिषदेबद्दल आम्हाला आदर आहे. गंभीर अर्थशास्त्र मराठीत लिहिता-बोलता येतं, हे परिषदेनं आणि तिच्या ‘अर्थसंवाद’नं दाखवून दिलं. ही लहान गोष्ट नाही. पण परिषदांच्या अधिवेशनांचा एकूण साचा बघा: अध्यक्षीय भाषण, ठरलेले विषय, निबंधवाचन, प्रमाणपत्र. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं बढतीला गुण जोडले, तेव्हापासून निबंध लिहायला आणखी एक कारण मिळालं. यातले पुष्कळसे निबंध संपतात ते ‘शासनाने लक्ष द्यावे’ इथं. कुठल्या शासनानं? जिल्हा परिषदेनं की दिल्लीच्या रस्ते मंत्रालयानं? कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली? तिथं निबंध गप्प.

आता कलमाचंच बघू. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचं मूल्यमापन सक्तीचं केलं. पण त्याच कायद्याच्या कलम १०५ नं आणि चौथ्या अनुसूचीनं १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याला वेगळं ठेवलं. मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून महामार्गांनाही लागू झाल्या, मूल्यमापन मात्र बाहेरच राहिलं. म्हणजे रस्ता रुंद होताना गावाचं काय होतं, हे मोजायची सक्ती कुणावरच नाही. कोकणात हे विशेष जड जातं. सातबारा सामाईक, नावं आजोबांची, हिस्सेदार निम्मे मुंबईत. एकाची संमती मिळते तर दुसऱ्याचा पत्ता नाही. आणि त्या जागेत भाड्यानं टपरी चालवणाऱ्याचं नाव तर कुठल्याच कागदावर नसतं. सरकारनं सोडून दिलेली ही मोजणी करायला पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत महाविद्यालयं आहेत, त्यांत अर्थशास्त्र-समाजशास्त्राचे विभाग आहेत. परिषदेनं एक प्रश्नावली ठरवून दिली असती तरी विद्यार्थ्यांनी घरटी जाऊन ती भरली असती. आमच्या मते परिषदेचं खरं काम हे आहे, आणि ठरावापेक्षा ते कितीतरी वरचं आहे.

मोजण्याची ताकद महाराष्ट्रानं पाहिलेली आहे. वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीनं १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. राज्याच्या सरासरीच्या खाली जिल्हा किती, ते क्षेत्रवार मोजलं, आणि ‘अनुशेष’ हा शब्द विधिमंडळापासून चावडीपर्यंत गेला. असा शब्द एखाद्या अधिवेशनातून निघाल्याचं आम्हाला आठवत नाही. पण त्या हिशेबात, आणि १९९४ ला झालेल्या वैधानिक विकास मंडळांत, कोकण कुठं होतं? ‘उर्वरित महाराष्ट्रा’त. पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि आम्ही एका पिशवीत! वर्गवारी हा तांत्रिक मामला म्हणून सोडून देतात. पण कोण दिसणार आणि कोण नाही, ते तिथंच ठरतं. त्यावर वाद घालणं हे अभ्यासकांचंच काम होतं. ते बहुतेक पुढाऱ्यांवर सोडलं गेलं, आणि पुढाऱ्यांनी आपल्या पद्धतीनं केलं.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: परिषदेत सगळ्या मतांचे लोक, संस्थेनं बाजू कशी घ्यायची? शंका जुनी आहे. जर्मनीत १८७३ साली सामाजिक धोरणासाठीच अर्थतज्ज्ञांची संघटना निघाली. तिच्याच १९०९ च्या व्हिएन्ना बैठकीत मॅक्स वेबर यांनी शास्त्र आणि मूल्यनिर्णय यांची सरमिसळ करू नका म्हणून भांडण मांडलं. वेबर यांचं आम्हाला पटतं. पण त्याच संघटनेसाठी त्यांनी १८९० च्या दशकात एल्ब नदीच्या पूर्वेकडच्या जर्मनीतल्या शेतमजुरांचा अभ्यास केला होता, हे आपल्याकडचे तटस्थ लोक सांगत नाहीत. तटस्थ राहायला आधी हातात माहिती लागते.

पश्चिम घाटाचं उदाहरण तर अगदी घरचं. माधव गाडगीळ समितीकडे रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा स्वतंत्र विषय सोपवलेला होता. २०११ च्या ऑगस्टात अहवाल दिला, लोकांसमोर आला २०१२ च्या मे महिन्यात, तोही माहिती अधिकार आणि दिल्ली उच्च न्यायालयामुळे. अहवाल म्हणतो, निर्णय ग्रामसभांपर्यंत न्या. आणि अहवाल इंग्रजीत! सरकारनं दिलेला मराठी सारांश विपर्यस्त आहे, ही तक्रार खुद्द गाडगीळांची. गावोगाव भीती मात्र अस्सल मराठीत पोचली: घराला परवानगी मिळणार नाही, झाड तोडता येणार नाही, अमुक बंद, तमुक बंद. खरं काय, खोटं काय, हे बाजू न घेता सांगता आलं असतं. विश्वासार्ह मराठी अनुवाद, सोबत तालुकावार टिपण, एवढंच लागत होतं. मराठीत ज्ञान आणण्यासाठीच जन्मलेल्या परिषदांना याहून हक्काचं काम कुठलं होतं? विरोधकांनी आणि समर्थकांनी न वाचलेल्या अहवालावर सभा घेतल्या, आणि आम्ही त्या सभांना टाळ्या वाजवत बसलेल्या गर्दीत प्राध्यापकही पाहिले.