ताटातली पृथ्वी

फराळाच्या ताटावरून भावंडांची जुंपली की घरात हसू पिकते. राजांची जुंपते तेव्हा मात्र हसणारा कोण आणि ज्याच्या ताटातले जाते तो कोण, हे पाहावे लागते. जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचे १८०५ मधील प्रसिद्ध चित्र पाहताना हाच प्रश्न मनात येतो.

मेजावर पुडिंगच्या जागी पृथ्वीचा वाफाळता गोल आहे. एका बाजूस इंग्लंडचा किडकिडीत प्रधान पिट समुद्राचा लचका तोडतो आहे. दुसऱ्या बाजूस भल्यामोठ्या टोपीखालचा बुटका नेपोलियन युरोप कापून घेतो आहे. वास्तविक नेपोलियन मध्यम उंचीचा. पण गिलरेच्या रेषेने त्याला असे काही खुजे केले, की जग आजही त्याला खुजाच समजते. व्यंगचित्राची ताकद ती हीच!

होगार्थने १७४८ च्या सुमारास कॅलेच्या वेशीचे चित्र काढले, त्यात भुकेकंगाल फ्रेंच शिपाई इंग्रजी मांसाकडे पाहत राहतात. तेथे हसू फक्त शेजाऱ्याचे आहे. गिलरेने आपल्या प्रधानालाही तितकाच हावरट रंगविला. म्हणून तो मला मोठा वाटतो.

तरीही एक उणीव सलते. या मेजाशी तिसरे माणूस नाही. चित्राच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी आमच्या वऱ्हाडाचेच असे तुकडे पडले होते. शिंद्यांच्या कवायती फौजेतील फ्रेंच अधिकाऱ्यांचा बाऊ करून वेलस्ली बंधूंनी युद्ध मांडले. २३ सप्टेंबर १८०३ ला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव. मग १७ डिसेंबरला देवगावचा तह! वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाच्या पदरात पडला. इंग्रजांच्या शत्रूराष्ट्राचा माणूस चाकरीस ठेवायचा नाही, हेही तहात लिहून घेतले. भांडण लंडन-पॅरिसचे, सुरी फिरली ती आमच्या कपाशीच्या रानावरून!

गिलरेने खाणाऱ्यांची हाव दाखविली. जे खाल्ले जात होते, त्यांचा चेहरा त्याला दिसला नाही. दिवाळी अंकांतील व्यंगचित्रे पाहून आपण खळखळून हसतो, हसावेच. पण चांगल्या व्यंगचित्राने शेजाऱ्याबरोबर घरच्या कारभाऱ्यालाही चिमटा काढावा, आणि त्याहून चांगल्याने ताटातल्याचीही आठवण ठेवावी.